हिरवी पाटी

सरका शेकोटीजवळ, पोरांनो. आणि मधेच ‘मग काय झालं’ करायचं नाय. ऐकलेली गोष्ट नाय ही. खोटं बोललो तर जीभ झडो माझी.

मखमलाबादच्या अंगाला म्हाताऱ्या माणसांची एक सोसायटी होती. मी तिथं वॉचमन, गेणू म्हणायचे सगळे मला. ज्याचं घर त्याचं, ज्याची चूल त्याची. पोराच्या दारात पडून राहण्यापेक्षा हे बरं म्हणून आलेली माणसं सगळी. नियम एकच, दाराला पाटी. रात्री नऊला लाल बाजू बाहेर, सकाळी सातच्या आत हिरवी. हिरवी म्हणजे माणूस ठीक हाय. सातनंतर लाल दिसली की मी ऑफिसातली किल्ली घेऊन दार उघडायचो. तीनदा चुकलं की पोराला फोन... घेऊन जा म्हणून.

२००३ सालचा नोव्हेंबर. निवृत्ती मास्तर शेजारच्या विमलाबाईंचं ज्वारीचं दळण गिरणीवरून घेऊन आले. बाईंनी डबा घेतला आणि एकदम रडायलाच लागल्या. दोनदा पाटी विसरून झाली होती त्यांची.

“भाऊ, आता चुकलं तर माझा पोरगा महेश सटाण्याला नेईल हो मला. त्या मागच्या खोलीत मरून जाईन मी. तेवढी पाटी फिरवत जा ना!”

मास्तर लय मऊ माणूस. “त्यात काय एवढं? फिरवतो की.”

रोज पहाटे फिरायला निघताना मास्तर आधी बाईंची पाटी फिरवायचे, मग आपली. चौथ्या दिवशी फिरवली आणि तसेच सिन्नरला लग्नाला गेले. संध्याकाळी येतात तर बाईंच्या दारात गर्दी. भजनाला आल्या नाहीत म्हणून दार उघडलेलं. भाकरी थापायला पहाटेच उठल्या होत्या, ओट्याखाली पडल्या. दोन्ही हात पिठानं माखलेले. डॉक्टर म्हणाला, दुपारपर्यंत जीव होता. मी दोनदा गेलो होतो त्या दारावरून. पाटी हिरवी होती.

मास्तरांनी कोणाला काही सांगितलं नाय. पण अन्न गोड लागेना त्यांना. माझ्या हातानं मारलं मी तिला, हेच डोक्यात.

मग ती रात्र. सतरा डिसेंबर, बुधवार. थंडी मरणाची. सव्वादहाला मास्तर मोरीत घसरले. खुब्याचं हाड मोडलं. लय ओरडले, पण थंडीमुळं सगळ्यांची दारं-खिडक्या घट्ट. ओल्या फरशीवर पडल्या पडल्या एकच धीर होता. पाटी लाल हाय. सात वाजले की गेणू येणार. सातपर्यंत जगायचं. बस.

बारा वाजले. तीन. पाच.

साडेसहाला बाहेर चपला घासल्या.

“गेणू!”



चपला दाराशी थांबल्या.

खट्...

मास्तरांना कळलं. रोज तोच आवाज स्वतः केला होता त्यांनी.

“नको... विमलाबाई, नको!” मास्तर रडायला लागले. पडल्या पडल्या हात जोडले. “चुकलो मी... लाल करा... पाया पडतो तुमच्या...”

बाहेरून आवाज आला. हळू. मायेचा.

“झोपा भाऊ... फिरवली मी.”

सात वाजता माझी शिट्टी त्यांनी ऐकली. घशातून आवाज निघेना. मी आलो... पाटी पाहिली... पुढं गेलो.

दुसऱ्या दिवशी दारात दुधाच्या दोन पिशव्या दिसल्या, तेव्हा दार उघडलं. मास्तरांनी माझं मनगट धरून हे सगळं सांगितलं. दवाखाना गाठायच्या आधी गेले.

माघारी आलो आणि ती पाटी उतरवली. विमलाबाईंच्या घराला महिन्याचं कुलूप होतं, किल्ली माझ्या कमरेला. पाटीच्या हिरव्या बाजूवर अंगठा उमटला होता. ज्वारीच्या पिठाचा.

मी बोट लावलं... पीठ ओलं होतं.