व्याहाडची ऑर्डर

"मॅडम, कन्या शाळा पलीकडे हाये."

सावली गावच्या राइस मिलच्या दारात तो उभा होता. भुवयांवर धानाचा कोंडा आणि ओठांत हसू... मला रागच आला.

"मी शाळेत नाही, तुमच्याकडेच आलेय. मशीन विकायला!" मी ताठ मानेनं म्हटलं. "साधना. मेकॅनिकल इंजिनिअर."

१९९९ची दिवाळी नुकतीच सरली होती. नागपूरच्या कंपनीनं विक्रीसाठी घेतलेली मी पहिलीच मुलगी. साहेबांनी बजावलं होतं, धानाच्या या हंगामात एक तरी मशीन वीक, नाहीतर ऑफिसात बसून फोन उचल. फोन उचलायला का मी इंजिनिअर झाले?

तो प्रफुल, मिलमालक गुणवंतरावांचा मुलगा. "तांदूळ लय तुटून राह्यला, मॅडम. नवीन मशीनच पायजे," तो म्हणाला आणि मी मनातल्या मनात मांडे खाऊ लागले. पण न तपासता विकायचं? छे! ओढणी कमरेला खोचून मी पट्ट्यापाशी वाकले. मोटार दुरुस्त करताना कुणीतरी तिला मोठी पुली बसवली होती. मशीन नको तितकं जोरात फिरत होतं, म्हणून दाण्याची कणी होत होती.

"पुली बदला. मशीन चांगलं आहे," मी म्हटलं... आणि जीभ चावली. गेली की ऑर्डर!

प्रफुल बघतच राहिला. "तरी बी लिहा ऑर्डर."

"काऊन?" माझ्या तोंडून घरचीच बोली निघाली.

"मशीन घेतलं तं सर्व्हिसिंगले तुम्ही याल ना..."

माझे कान तापले. आवडलंही, खोटं कशाला बोलू! पण म्हटलं, "माझी पहिली ऑर्डर मशीनसाठी मिळेल, माझ्यासाठी नाही." बॅग उचलली नि निघाले. एसटीत मात्र डोळे भरून आले.

पंधरवड्यानं कंपनीत फोन खणखणला. सावलीच्या पुढच्या व्याहाड गावातल्या मिलवाल्या आशाबाई बोलत होत्या. "गुणवंतभाऊनं पुली बदलली, आता अख्खा तांदूळ साऱ्यायले दाखवत फिरून राह्यले. ते गरज नसताना मशीन न इकणारी पोट्टी पाठवा. आमचं खरंच मोडलं."

मी गेले, तपासलं, ऑर्डर घेतली. माझी ऑर्डर!

मशीन बसवायच्या दिवशी एसटी सावलीला थांबली. खिडकीखाली प्रफुल; आशाबाईंकडून कळलं असणार.

"आता तं भेटली ऑर्डर. आता सांगू?"

"सांगा."

"तुम्ही मले आवडता... लय. त्या दिवशी नाई म्हणून गेल्या, तवापासून जास्तच."

"आणि माझी नोकरी?"

"सोडा म्हटलं तं बाबा मलेच घराबाहेर काढतीन!"

घंटी वाजली. तसा तो कंडक्टरला ओरडला, "भाऊ, मॅडमले व्याहाडच्या मिलवर उतरवजा! इंजिनिअर हायेत, मशीन बसवाले चालल्या!"

अख्खी गाडी वळून बघू लागली. मी मुळीच लाजले नाही. मान वर करून बसले.

गाडी हलली, तसं मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"प्रफुल, परतीच्या गाडीनं मी सावलीलेच उतरीन!"