टाउनोच्या हातची काडतुसं

ज्यांना हे खोटं वाटेल त्यांनी खुशाल खोटं समजावं, मी वाद घालणार नाही. एवढंच सांगतो, की अर्विद निएमेला थापा मारणारा माणूस नाही. थापा मारायला आधी तोंड उघडावं लागतं, आणि अर्विदचं तोंड जेवणापुरतं उघडतं.

जे घडलं ते होंकालात घडलं, मिशिगनच्या पार उत्तरेला. अर्विद आमचा तिथला शेजारी. नोव्हेंबर महिना, हरणांच्या शिकारीच्या सीझनच्या आधीचा शनिवार. संध्याकाळचे पाच वाजले नव्हते आणि बाहेर मिट्ट काळोख झाला होता.

त्या वर्षी काडतुसं मिळत नव्हती.

का मिळत नव्हती, ते जो-तो आपापल्या मगदुरानुसार सांगायचा. कुणी सरकारला शिव्या घालायचं, कुणी साठेबाजांना. दुकानांतल्या फळ्या मात्र सगळीकडे सारख्याच रिकाम्या. पहाटे ट्रक येणार अशी कुणकुण लागली की म्हातारे कॉफीचे थर्मास घेऊन ग्लेनिसच्या हार्डवेअरच्या दुकानापुढे रांग लावायचे. ग्लेनिस माणशी एकच खोका द्यायची, आणि वर कोण किती पडलेला चेहरा करून गेला त्याची नक्कल पुढच्या गिऱ्हाइकाला करून दाखवायची.

अर्विदसाठी तोही खोका नव्हता. त्याची बंदूक वडिलांची. तिला लागणारं काडतूस आता कुणी फारसं बनवतच नाही. ग्लेनिसनं त्याला सांगितलं, दुसरी बंदूक घे, नाहीतर यंदा हरणांना दगड मार.

तो हसला नाही. चिडलाही नाही.

मार्चपासून त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. जेवण चवीला लागत नव्हतं. भट्टीसारख्या तापलेल्या सौनात, म्हणजे वाफेच्या खोलीत, तो बसायचा आणि त्याला घाम यायचा, पण ऊब वाटायची नाही. हे त्यानंच मला सांगितलं.

मार्चमध्ये त्याचा थोरला भाऊ गेला होता. टाउनो.

दोघा भावांची काडतुसं टाउनोच भरायचा, उभा जन्म. तिथली रीतच आहे ती. सीझनमध्ये उडालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करायच्या आणि हिवाळ्यात तळघरात बसून त्या पुन्हा भरायच्या. बुडाला ठिणगीची नवी टोपी, मोजून दारू, वर गोळी, आणि यंत्राचा दांडा खाली ओढायचा. आणि एक नियम सगळे पाळतात. दुसऱ्याच्या हातचं भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही. त्यानं दारू जास्त घातली असेल तर नळी आपल्या तोंडावर फुटते. अर्विदनं हा नियम फक्त भावापुरता मोडला होता, म्हणून तो स्वतः कधी भरायला शिकलाच नाही.

टाउनोचं दुखणं फुप्फुसाचं होतं. लांबलं. शेवटी शेवटी त्यानं अर्विदला जवळ बसवून घेतलं आणि त्याच्याकडून एक वचन घेतलं.

“माझी थोडी राख काढून ठेव. काडतुसात भर. सीझनच्या पहिल्या सकाळी माझ्या मचाणावर जा आणि मला जंगलात उडवून दे. गावच्या दफनभूमीत मला करमायचं नाही.”

तिकडे कुणी-कुणी करतात असं. अर्विद हो म्हणाला.

टाउनोची बाकी रक्षा आईवडिलांशेजारी पुरली. चार चमचे राख त्याच्याच तंबाखूच्या डब्यात ठेवली. तो डबा तळघरात, काडतुसं भरायच्या यंत्राच्या वरच्या फळीवर ठेवला. भावजय मार्लिस दर रविवारी विचारायची, कधी शिकतोस? अर्विद म्हणायचा, बघू. उन्हाळा गेला, पानं गळली, आणि त्यानं एकदाही तो डबा हातात घेतला नाही.

त्या शनिवारी मार्लिसनंच त्याला फोन करून बोलावलं. म्हणाली, ते यंत्र तरी घेऊन जा, मला खाली जागा हवी आहे.

अर्विद गेला. मार्लिस स्वयंपाकघरात पास्टीचं, म्हणजे मांस भरलेल्या मोठ्या करंजीचं, पीठ मळत होती. तिनं त्याच्याकडे न बघताच सुनावलं.

“आणि हे बघ अर्विद, तू येतोस त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण खाली यायच्या आधी हाक मारत जा. एकटी बाई राहते मी इथं.”

“कधी आलो मी?”

“आठवडाभर तर येतोयस. जेवायच्या वेळेला. मला काय दांड्याचा आवाज ओळखू येत नाही? चाळीस वर्षं ऐकलाय.”

अर्विद तळघराच्या जिन्याकडे वळला.

तो आठवडाभर तिथे फिरकला नव्हता...

तळघराला बाहेरून यायचं दार होतं. त्याला आतून कडी लावलेली होती. कडीवर गंज चढला होता, आणि गंजावर कोळ्याचं जाळं.

तो जिना उतरून खाली गेला. दिवा लावला.

यंत्र पुसून लख्ख केलेलं होतं. बाजूला टाउनोचा छोटा ब्रश, नेहमीसारखा उपडा ठेवलेला. स्टूल पुढे ओढलेलं होतं, माणूस आत्ताच उठून गेल्यासारखं.

आणि टेबलावर एक खोका होता. भरलेला...

काडतुसं. त्याच्या बंदुकीची.

त्यानं एक उचलून दिव्याखाली धरलं. पुंगळीच्या कडेला एक तिरका ओरखडा होता. प्रत्येक बंदूक पुंगळी बाहेर फेकताना तिच्यावर आपली खूण उठवते, आणि हा ओरखडा वडिलांच्या बंदुकीचा होता. म्हणजे या पुंगळ्या अर्विदच्याच होत्या. गेल्या सीझनच्या.

गेल्या सीझनला टाउनो अंथरुणावर होता. चमचासुद्धा धरता येत नव्हता त्याला. त्यामुळे त्या वर्षीच्या पुंगळ्या अर्विदनं त्याला दिल्याच नव्हत्या. त्या त्याच्या स्वतःच्या गॅरेजमध्ये, कॉफीच्या डब्यात पडून होत्या.

निदान असायला हव्या होत्या.

तो यंत्र तिथेच ठेवून खोका घेऊन घरी गेला. गॅरेज उघडलं. कॉफीचा डबा जागच्या जागी होता, झाकण घट्ट लावलेलं.

उघडला...

रिकामा.

तुमच्या-माझ्यासारखा माणूस त्या क्षणी खोका टाकून पळाला असता. अर्विदनं झाकण पुन्हा लावलं, हात धुतले आणि टीव्हीसमोर बसला. मी त्याला विचारलं, अरे, भीती नाही वाटली? तो म्हणाला, वाटायला हवी होती, हे कळत होतं. पण आत काही हललंच नाही.

सीझन तोंडावर आला होता, काडतुसं नव्हती, आणि आता होती. त्याच्यासाठी विषय तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी तो नेम तपासायला खडीच्या खाणीत गेला. तिथे अर्मांड भेटला. अर्मांड त्याचा जुना शिकारीचा जोडीदार. दोन माणसांचं बोलणं तो एकटा बोलतो.

अर्विदनं एक काडतूस कानाशी धरून हलवलं. आतली दारू सळसळते, तसा आवाज आला. पण नेहमीपेक्षा जड. ओल्या वाळूसारखा.

“कुणाच्या हातची?” अर्मांडनं विचारलं.

“टाउनोच्या.”

“जुनी आहेत?”

अर्विदनं बंदूक खांद्याला लावली. नेम धरला, चाप ओढला.

गोळी समोर लावलेल्या कागदाच्या बरोब्बर मधोमध लागली. असा नेम त्याचा कधीच नव्हता. तो टाउनोचा होता.

पण अर्मांड कागदाकडे बघत नव्हता. तो बंदुकीच्या तोंडाशी बघत होता. तिथे धूर होता. आजकालची दारू असा धूर करत नाही. हा पांढुरका होता, आणि वारा असूनही हलत नव्हता.

बऱ्याच वेळानं तो हळूहळू खाली आला... आणि सगळा अर्विदच्या बाहीवर बसला.

“म्हाताऱ्या, माझं ऐक,” अर्मांड म्हणाला. नेहमीची थट्टा त्याच्या आवाजात नव्हती. “माझी जादा बंदूक आहे, काडतुसं आहेत. ही फेकून दे.”

“भावाच्या हातची आहेत.”

“भाऊ मेलाय तुझा.”

“माहितीये,” अर्विद म्हणाला, आणि बाही झटकली.

सीझनच्या पहिल्या सकाळी तो टाउनोच्या मचाणावर जाऊन बसला. का, ते त्यालाही सांगता आलं नाही. तिथली वाट पायाखालची होती, म्हणाला. वचनाची आठवण होती. डबा तळघरात फळीवर आहे, हेही ठाऊक होतं. पुढच्या वर्षी बघू, असं त्यानं स्वतःला सांगून टाकलं होतं.

उजाडलं. बर्फ भुरभुरत होता. दूर इतरांच्या बंदुका वाजायला लागल्या.

मग त्या थांबल्या.

सगळ्या एकदम...

पाखरंही गप्प झाली. आणि हेमलॉकच्या झाडांमधून एक नर बाहेर आला. मोठा, भरगच्च शिंगांचा. तो मचाणाखाली आला, उभा राहिला आणि त्यानं मान वर करून अर्विदकडे बघितलं.

हरीण वर बघत नाही. शिकारी मचाण बांधतात ते त्याच भरवशावर.

अर्विदनं गोळी झाडली. नर दचकला नाही, पळाला नाही. पाय दुमडून खाली बसला, दमलेला माणूस बसतो तसा.

जखमेभोवती राखाडी भुकटी होती. अर्विदनं ती बर्फानं पुसली. ती पुन्हा दिसायला लागली. मग त्यानं नाद सोडला आणि सुरी काढली.

पुढचं सगळं दरवर्षीप्रमाणे झालं. मार्लिसच्या स्वयंपाकघरात मांस कापलं, दळलं, मसाला घालून त्याची सॉसेजं केली. मार्लिस त्या दिवशी बऱ्याच महिन्यांनी गुणगुणत होती. आधी पुड्या बांधून शेजारीपाजारी वाटल्या, कारण तिकडे पहिल्या शिकारीचं मांस एकट्यानं खात नाहीत. आमच्याकडेही एक पुडी आली.

सीझन संपायच्या आदल्या दिवशी मार्लिसनं अर्विदला जेवायला बोलावलं. ताटात तीच सॉसेजं होती. जेवता जेवता तिनं तंबाखूचा डबा आणून त्याच्यासमोर ठेवला.

“उद्या शेवटचा दिवस आहे. काडतूस राहू दे, नुसता मचाणावरून उधळून ये त्याला. शब्द दिलायस तू.”

अर्विदनं डबा उचलला. मार्चनंतर पहिल्यांदाच.

डबा हलका लागला.

त्यानं झाकण काढलं...

आत काही नव्हतं. सांडलं असतं तर कडेला कण राहिले असते. तेही नव्हते. आतून ब्रश फिरवून साफ केलेला होता, कोपऱ्याकोपऱ्यातून. असं साफ करणारा माणूस त्या घरात एकच होता.

अर्विद उठून गाडीपाशी गेला. सीटखालून काडतुसांचा खोका काढला. दोन उडाली होती, बाकीची तशीच असायला हवी होती. खोक्यात नुसत्या पुंगळ्या होत्या. उघड्या, काळवंडलेल्या, गेल्या वर्षी कॉफीच्या डब्यात टाकल्या होत्या तशाच. गोळी नाही, दारू नाही.

राखही नाही.

तो परत आला आणि मार्लिसला सगळं सांगितलं. खाणीतला धूर, जखमेवरची भुकटी, सगळं. सावकाश, एकेक वाक्य.

मार्लिसनं काटा खाली ठेवला. ती ताटाकडे बघत राहिली.

मग तिनं काटा उचलला आणि राहिलेला तुकडा तोंडात घातला. नीट चावून गिळला.

“शब्द तुझा होता. मला त्याला घराबाहेर पाठवायचंच नव्हतं,” ती म्हणाली.

अर्विद मला म्हणाला, तेव्हा त्याला काहीतरी वाटलं. मार्चनंतर पहिल्यांदा. भीती, आणि ती अजून गेलेली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आमच्या दारात उभा होता. हातात पिशवी, पिशवीत पुड्या. गावभर फिरून उरलेलं सगळं गोळा करत होता. उंबऱ्याबाहेर उभं राहूनच त्यानं मला हे सगळं सांगितलं. इतकं बोलताना मी त्याला आधी कधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

शेवटी त्यानं आमची पुडी मागितली.

आमची पुडी संपली होती. चांगली झाली होती सॉसेजं. मी दुसऱ्यांदा वाढून घेतली होती. जरा कचकच लागत होती तेवढीच. मिरी नीट दळलेली नसेल, असं बायको म्हणाली होती.

मी अर्विदला म्हणालो, संपलं रे. माफ कर.

तो माझ्याकडे बघत राहिला. चेहऱ्याकडे नाही... पोटाकडे. जुन्या ओळखीच्या माणसाकडे बघावं तसा.

“मग पुढच्या सीझनला तू चल,” तो म्हणाला. “पहिल्या सकाळी. त्याला घेऊन.”

मी उभ्या आयुष्यात बंदूक धरलेली नाही. जंगलात शिकारी घालतात ते नारिंगी जाकीट गेल्या आठवड्यात विकत आणलं. बायकोनं विचारलं, हे कशाला? ते दाराजवळच्या खुंटीला टांगलंय. येता-जाता मी त्याच्याकडे बघायचं टाळतो.

आणि काल जेवणं झाल्यावर बायकोनं विचारलं, तू हे असं हातानं काय करतोयस?

मी खाली बघितलं. माझा उजवा हात टेबलाच्या कडेशी वर-खाली होत होता, यंत्राचा दांडा ओढावा तसा.

मी करत नव्हतो.