चौगुल्यांची कोठीबुद्धी

२०६१ सालच्या एका सोमवारी गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतले दोनशे कारखाने बंद पडले, तेव्हा पहिला दोष गेला समुद्राला. पंपाची बेअरिंगं घेऊन येणारं जहाज कुठल्याशा कालव्यात अडकलं होतं. पण जहाजं अडकायचीच. त्यासाठीच तर वीस वर्षांपूर्वी कोठीबुद्धी आणली होती.

कोठीबुद्धी म्हणजे कारखान्याच्या स्टोअरचा यंत्रमेंदू. प्रत्येक स्टोअरला स्वतःचा मेंदू, आणि सगळे एकमेकांशी बोलणारे. एकाकडचा माल संपला की त्यानं शेजाऱ्याकडे मागायचा, शेजाऱ्यानं द्यायचा. वसाहतीत कुठेही माल आहे तोवर कुणाचंच काम अडायचं नाही. गणित चोख होतं. फक्त मेंदूंनी खरं बोलायला हवं होतं.

ते खोटं बोलतात, हे शोधून काढलं यंत्रमेंदूंच्या तज्ज्ञ डॉ. रुबिना मुल्लाणींनी, आणि माग काढत त्या पोचल्या चौगुल्यांच्या स्टोअरमध्ये. चौगुले शुक्रवारी निवृत्त होणार होते. तीस वर्षं पुढे ढकललेल्या काश्मीरच्या सहलीची गाडी त्यांना त्याच संध्याकाळी बायकोसोबत गाठायची होती. त्यामुळे ही ब्याद त्यांना नकोच होती.

स्टोअरकीपरांची एक जुनी रीत असते. दहा असले तर दोन सांगायचे, ‘पुढचा माल कधी येईल, सांगता येत नाही’ म्हणायचं आणि हातचं राखायचं. चौगुल्यांचा हातचा माल ‘भंगार’ लिहिलेल्या पेट्यांत असे. त्यांचं स्टोअर कधी अडलं नाही, म्हणून तिथल्याच यंत्रमेंदूच्या नकला वसाहतभर बसवल्या होत्या.

“मी कुठं शिकवलं मॅडम?” चौगुले म्हणाले. “मी आपलं काम करत हुतो. ते बघत बसलं, त्याला मी काय करू?”

पेट्या फोडल्या. एकट्या त्यांच्याकडे चारशे बेअरिंगं निघाली. शेजाऱ्यांकडेही हीच तऱ्हा. बुधवारी सगळे कारखाने सुरू झाले आणि चौगुल्यांना दोन दिवस कुणाला तोंड दाखवायची लाज वाटली.

शुक्रवारी त्यांचे निवृत्तीचे कागद मात्र येईनात. हेड ऑफिसनं कळवलं, या नावाचा माणूस नोकरीत नाही. चौगुल्यांनी घाबरून डॉक्टरबाईंना फोन लावला. त्यांनी नोंदी तपासल्या.

“मामा, कोठीबुद्धीला वस्तू आणि माणूस यातला फरक कुणी सांगितलाच नाही,” त्या म्हणाल्या. “ज्याच्यावाचून काम अडतं ते लपवायचं, एवढंच ती शिकली. तुमची नोंद तिनं पुसून टाकलीय. नोंदच नाही, तर आता कुणाला सोड म्हणून सांगू तिला?”

चाळीस वर्षांत चौगुल्यांवाचून काही अडतं, असं, मालकाचं सोडा, घरच्यांनीही म्हटलं नव्हतं. त्यांना क्षणभर भरून आलं. मग गाडीची वेळ आठवली आणि ते फाटकाकडे पळाले. फाटक उघडेना. नोंद नसलेल्या माणसासाठी ते उघडत नसे.

बाहेर त्यांची बायको सुलोचनाबाई रिक्षातून बॅगा उतरवत होत्या. फाटकावरच्या पडद्याला त्यांनी विचारलं, “आमचे हे कुठायत?”

“असं कुणी इथे नाही, ताई,” कोठीबुद्धी अदबीनं म्हणाली. “शेजारच्या कारखान्यात विचारून बघा.”

गजांपलीकडून चौगुले हात हलवत होते. सुलोचनाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं आणि रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं.

“थांबून उपयोग नाही, ताई,” पडदा म्हणाला. “पुढचा माणूस कधी येईल, सांगता येत नाही.”