बापूंची नळी

मुलांनो, डोळे मिटा. एक पांढरी नळी आणा डोळ्यांपुढे. तिच्यात केसांहून थोडे जाड, पोकळ, हजारो धागे. रक्त त्यांतून वाहतं आणि धाग्यांच्या भोकांतून घाण बाहेर पडते. भोकं फार बारीक असली, की जरा मोठी घाण रक्तातच राहते.

जयपूरच्या दुर्गापुऱ्यात राहणाऱ्या गौतमीच्या वडिलांची, बापूंची, मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस केंद्रात त्यांचं रक्त अशा नळीतून जाई. नळी धुऊन पुन्हा वापरतात, म्हणून तिच्यावर पट्टी चिकटवून पेशंटचं नाव लिहितात. त्या मंगळवारी पट्टी सुटली. खालची छापील अक्षरं वाचून गौतमी भडकली.

"ही बारीक भोकांची आहे. डॉक्टरांनी मोठ्या भोकांची लिहून दिली होती."

टेक्निशियन कौशिक जयपुरातच वाढलेला, मराठी घरापुरती. "मतलब... महिन्यापासून हीच येते. मॅनेजर म्हणाले, सगळ्यांना एकच."

"आणि तुम्ही लावलीत? रक्ताच्या तपासणीत सुजेचा आकडा तिप्पट आलाय बापूंचा. हृदयाला धोक्याची खूण ना ती?"

"खूण आहे. पण नळीमुळेच वाढली, असं खात्रीने नाही सांगता येणार." त्याने वर पाहिलं. "मलाही राग आला होता. मी... गप्प बसलो."

"शाबास."

"तुम्ही ओरडलात की जरा हिंमत येते. ओरडत राहाल?"

"चेष्टा करताय?"

"थोडीशी."

ती हसली नाही. तो मॅनेजरच्या खोलीत गेला. दाराबाहेर आवाज चढलेले ऐकू आले. तासाभराने तो राजा पार्कच्या शाखेतून नवी नळी घेऊन परतला; शर्ट घामाने पाठीला चिकटलेला.

"नोकरी?" तिने विचारलं.

"आहे... बहुतेक." नळी जोडताना तो हळूच म्हणाला, "हे बापूंसाठी. तुम्हाला वेगळं सांगायचंय. रविवारी, चहा घेताना?"

"मी अजून रागात आहे, कौशिक."

"तशाच या. मला तुम्ही रागातच आवडायला लागलात."

गौतमीने मान वळवली. कान मात्र लाल झाले. "पाच वाजता," ती भिंतीला म्हणाली.

पलंगावर बापूंच्या पायाशी बसलेली तिची सहा वर्षांची भाची यमुना हे सगळं ऐकत होती. ती खाली उतरली, शेजारच्या पलंगापाशी गेली आणि तिने तिथल्या पेशंटला, शामरावांना, मोठ्याने विचारलं, "आजोबा, तुमच्या नळीची भोकं कोणती?" मग ती पुढच्या पलंगाकडे वळली.