हूटगळ्ळीचं जपचक्र

तो हूटगळ्ळीच्या कारखान्याच्या शेडमध्ये आला तेव्हा वनजाचे हात ग्रीसनं माखले होते. असल्याच वेळी देखणी माणसं यायची असतात!

“हे उलटं फिरतं,” पिशवीतलं पितळी जपचक्र बाकावर ठेवत तो कन्नडात म्हणाला.

“फिरतं ना? मग झालं की.”

“तुम्ही देवाला उलटी प्रदक्षिणा घालता?”

वनजानं चक्र पुढ्यात ओढलं आणि स्क्रू काढायला घेतले.

तिचे वडील दत्तोजीराव, म्हणजे अप्पा, मूळचे मिक्सर करणारे. बैलकुप्प्याच्या तिबेटी वसाहतीतून विचारणा आली, विजेवर फिरणारं जपचक्र कराल का? आत मंत्राचे कागद, बाहेर डबा. तो उजवीकडं फिरला की जप घडतो. अप्पांनी मिक्सरचीच मोटार बसवून दिली. मिक्सरला डावं काय नि उजवं काय, चटणी झाली की झालं! अशी त्यांची कंपनी सुरू झाली. पुढं विजेचे दिवे आले, धूपदाण्या आल्या. वसाहतीकडून माल तपासायला मात्र हाच यायचा... लोबसांग.

“दर खेपेला खोड काढता तुम्ही,” वनजा एकदा फणकारली.

“सगळं नीट निघालं तर परत यायला निमित्त काय?”

“निमित्त कशाला? सुम्मे यायचं... असंच.”

तो हसला, आणि वनजाच्या हातातला स्क्रू खाली पडला.

मग त्याची आई, आमा, आजारी पडली. पोटात गाठ. इस्पितळ जवळ म्हणून त्यानं चामराजपुरमला खोली घेतली, वनजाच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. डॉक्टरांनी हात टेकले. आमाला हातानं चक्र फिरवणं जमेना. उशाशी विजेचं फिरायचं, त्याकडं बघत ती पडून राही. वनजा रोज पेज घेऊन जाई. अप्पांना कुणकुण लागली आणि त्यांनी सरगूरचं स्थळ काढलं.

“आपण शिपाईगडी, इथल्या महाराजांच्या पदरची माणसं,” ते म्हणाले. “तो गिऱ्हाईक म्हणून ठीक आहे.”

पाहुणे यायच्या दिवशी वनजा रेशमी साडीतच आमाला बघायला धावली. पाच मिनिटांत येते म्हणाली, आणि नेमका करंट गेला. चक्र थांबलं. आमाचे डोळे घाबरून चक्राकडं वळले. लोबसांगच्या मांडीवर तिचं डोकं होतं, त्याला हलता येईना. वनजानं बांगड्या मागं सारल्या आणि ती चक्र हातानं फिरवायला लागली.

“पाहुणे बसलेत,” थोड्या वेळानं दारातून अप्पा म्हणाले. “माझी लाज काढणार आहेस का?”

“करंट आल्याशिवाय उठता येत नाही, अप्पा.”

त्यांनी खाटेकडं पाहिलं आणि दारातच चपला काढल्या. आमाचा श्वास लांबत गेला... मग पुढचा आलाच नाही.

लोबसांगनं तिचं डोकं तेवढं अलगद उशीवर ठेवलं आणि तो भिंतीपाशी सरकला. लामा येईपर्यंत त्यांच्यात देहाला हात लावत नाहीत. आईच्या कुशीत डोकं खुपसून रडायचीही सोय नाही. त्याचे रिकामे हात नुसते मांडीवर पडले होते.

दिवा लागला. चक्र आपलं आपण फिरू लागलं.

“आला करंट,” अप्पा हळू म्हणाले. “चल.”

वनजा उठली ती लोबसांगकडं गेली. त्याचे दोन्ही हात तिनं आपल्या हातांत घट्ट धरले.

“अप्पा, मी ह्याच्याशीच लग्न करणार.”

“वनजा... आज नको,” लोबसांग कसाबसा म्हणाला.

“आजच. तुझी कीव आली म्हणून नाही. मला तू हवास म्हणून.”

अप्पा दारातून आत आले. मग त्यांनी खिशातून पेन काढलं.

“लामांचा फोन नंबर सांगा,” ते लोबसांगला म्हणाले. “मी कळवतो.”

“आणि पाहुणे?” वनजानं विचारलं.

“त्यांना मी बघतो. तू त्याचे हात सोडू नकोस.”