नानांशी मतभेद

नानांशी माझा पहिला मतभेद झाला तेव्हा बाहेर पाऊस कोसळत होता. त्या मतभेदापायीच तपासनीस न्यामेके आमच्या गोदामात आला… डोक्यावर पुठ्ठ्याचं खोकं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

नाना म्हणजे यंत्र. ताकोराडी बंदरावरच्या आमच्या कोकोच्या गोदामात आम्ही बाराजणी बिया चिरतो. प्रत्येक मालातून तीनशे बिया घ्यायच्या, उभ्या चिरायच्या, तबकात मांडायच्या. आतला रंग पूर्वी आम्हीच बघायचो. आता वरून कॅमेरा बघतो आणि क्षणात निकाल देतो, बुरशी किती, कच्च्या राखाडी बिया किती, पहिली प्रत की दुसरी. आमच्याकडे वडीलधाऱ्यांना नाना म्हणतात. ते बोलत असताना मध्ये बोलायचं नसतं. यंत्राचंही तसंच, म्हणून तेही नाना.

यंत्रावर सगळ्यांचा विश्वास बसावा म्हणून कंपनीने एक लाल बटण ठेवलं होतं. नानांचं पटलं नाही तर ते दाबायचं, कारण लिहायचं. मग शेजारच्या गोदामातल्या तपासनिसाने येऊन स्वतःच्या डोळ्यांनी तबक बघायचं. त्याची सही झाली तर आपलं खरं, नाही तर नानांचं. आठ महिने बटणाला कुणी हात लावला नव्हता. विश्वास पूर्ण बसला आहे, असं कंपनीने कळवूनही टाकलं होतं. खरं तर वडीलधाऱ्यांना खोटं पाडायची आम्हाला सवय नव्हती.

"नानांशी भांडण कुणी केलं?" न्यामेकेने दारातूनच विचारलं.

"भांडण नाही. मतभेद."

"फान्टी जमातीच्या दिसताय. भांडायलाही शाळेतला शब्द लागतो."

"आणि तुम्ही न्झिमा. नारळाखाली वाढलेले. वर बघत चालता, म्हणून पाय गळतीच्या बादलीत गेलाय."

त्याने खाली बघितलं, शांतपणे पाय बाहेर काढला आणि जणू काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने एक बी उचलली. हुंगली. अर्धी चावली. नाना म्हणत होते बुरशी.

"वाळवणाची धूळ आहे," तो म्हणाला आणि सही केली. "पुन्हा वाटलं तर बोलवा. म्हणजे… बुरशीचं काही वाटलं तर."

मला वाटत राहिलं. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. माझं बघून बाकीच्याही अधूनमधून बटण दाबायला लागल्या. दमट हवेत नानांची नजर अधू व्हायची, देव त्यांचं भलं करो. मी दाबलं की दर वेळी चूक खरंच नानांची असायची. न्यामेके यायचा, कधी भाजलेलं केळं आणि शेंगदाणे घेऊन यायचा, आणि तबक बघायला जरुरीपेक्षा अंमळ जास्तच वेळ लावायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

मग अक्राहून, कंपनीच्या मुख्य कचेरीतून माणसं आली आणि नानांची नजर दुरुस्त करून गेली.

नऊ दिवस नानांनी एक चूक केली नाही. इतका खडूस म्हातारा मी पाहिला नव्हता. दहाव्या दिवशी एका तबकात नाना म्हणाले, राखाडी अकरा, दुसरी प्रत. पहिल्या प्रतीला नऊपर्यंत चालतात. मी मोजल्या. अकराच होत्या. पुन्हा मोजल्या. मग लाल बटण दाबलं आणि कारण लिहिलं, 'राखाडी आठ.'

न्यामेके धावतच आला. तबकावर वाकला. मी त्याच्या मानेवरचे पावसाचे थेंब मोजत होते. त्यांचा आकडा मात्र बरोबर आला.

"आठ?" त्याने विचारलं.

"आठ."

त्याने सही केली.

पुढच्याच आठवड्यात सूचना लागली. सोमवारी अक्राहून तपासणीला मॅडम येणार. सगळे मतभेद तपासले जाणार, एकूण एक्केचाळीस. मतभेद झालेलं तबक मोहोर लावून तीन महिने कोठीत ठेवतात, त्यामुळे पुरावा जागेवरच होता. माणसांनी खोटे मतभेद केले असतील तर बटण काढायचं, असं ठरलं होतं. आणि बटण गेलं की आम्ही बाराजणीही जाणार. बिया चिरायचं यंत्र केव्हाच खोक्यातून येऊन पडलं होतं.

आंटी मान्सा बावीस वर्षं बिया चिरत होत्या. "मला कसली भीती?" त्या म्हणाल्या. "आपल्यातल्या कुणी खोटं थोडंच लिहिलंय? काय गं अराबा, ताप आहे का तुला?"

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत मी चांगल्या तपकिरी तीन बिया चिरून खिशात टाकल्या आणि कोठीत गेले. तिथे न्यामेके उभा होता. पुढ्यात माझंच तबक. मुठीत काहीतरी.

"मूठ उघड," मी म्हणाले.

तीन बिया. तपकिरी. मीही खिसा रिकामा केला. आता दोघांच्या मिळून सहा झाल्या.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"अकरा मोजता येतात मला."

"मग सही का केलीस?"

"तू आठ म्हणालीस…" तो मोहोरेवर नख फिरवत राहिला. "तुझी नोकरी जाईल, अराबा. बाकीच्यांचीही. मोहोर सोडवून पुन्हा बसवता येते. चल, हात चालव."

मी हात पुढे केला. एक बी खाली पडली. ती उचलताना माझ्या डोक्यात आलं ते मला आजही आवडत नाही.

"बदलल्या तर," मी म्हणाले, "या गोदामात खरं बोलणारे एकटे नानाच उरतील."

आम्ही तबक होतं तसं ठेवलं. रविवारी प्रार्थनेला गेले. पाद्री काय बोलले, एक शब्द आठवत नाही.

सोमवारी मॅडम लाम्प्टींनी मोहोर फोडायच्या आधीच आम्ही दोघं त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिलो.

"अकरा होत्या, तर आठ का लिहिलंत?" त्यांनी विचारलं.

"याला बोलवायचं होतं."

"फोन नव्हता?"

"फोन होता. कारण नव्हतं."

मॅडमनी ते लिहून घेतलं. न्यामेकेकडे वळल्या. "आणि तुम्ही?"

"सही केली नसती तर हिने पुन्हा बोलावलं नसतं."

तेही त्यांनी लिहून घेतलं. मग उरलेली चाळीस तबकं स्वतः मोजायला बसल्या. आंटी मान्सा माझ्याशी बोलल्या नाहीत. साडेतीनला निकाल आला. चाळीसपैकी अडतीस वेळा माणसं बरोबर, दोनदा प्रामाणिकपणे चूक. मी आणि न्यामेके, स्वतःहून सांगितलं म्हणून फक्त लेखी ताकीद. तो माल पुन्हा दुसऱ्या प्रतीत. बटण राहणार, पण यापुढे नात्यातल्या माणसांनी एकमेकांसाठी सही करायची नाही.

त्यांनी एक कागद पुढे सरकवला. "इथे तुम्हा दोघांचं आपसातलं नातं लिहा. रकाना भरल्याशिवाय अहवाल पुरा होत नाही, आणि अहवालाशिवाय बटण राहत नाही. खोटं लिहिलं तर दोघंही घरी."

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"अजून… ठरलेलं नाही, मॅडम," न्यामेके म्हणाला.

"माझी गाडी चारला निघते."

आम्ही पत्र्याच्या वळचणीला कागद घेऊन उभे राहिलो. पागोळ्या चपलांवर पडत होत्या. आतून आंटी मान्सांचा आवाज आला, दिवसभरातला पहिलाच. "लवकर ठरवा रे. बाराजणींची चूल त्या रकान्यावर आहे."

"'मित्र' लिहू?" तो म्हणाला.

"मित्रासाठी मी अकराचे आठ केले नसते."

आमच्याकडे मुलाकडची माणसं मुलीच्या मामाच्या घरी येऊन दारावर टकटक करतात, तेव्हा कुठे नात्याला नाव मिळतं. त्याआधी मुलीने तोंड उघडायचं नसतं. मी कागद भिंतीला लावला आणि लिहिलं, 'टकटक बाकी आहे.' अक्षर वाकडंतिकडं आलं. पेन त्याच्या हातात दिलं.

"मी लिहिलं म्हणून सही करू नकोस. या वेळी स्वतः बघ."

त्याने वाचलं. माझ्याकडे बघितलं. पुन्हा वाचलं. एवढा वेळ त्याने कुठल्याच तबकाला लावला नव्हता… फाटकाशी गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

त्याने सही केली, नाव स्पष्ट वाचता येईल अशी.

"तुझे मामा," तो म्हणाला, "शनिवारी घरी असतात का?"