चारशे उड्डाणांची बॅग

चोराच्या पदरात काय पडलं असेल, याचा हिशोब भावोजींनी दुकानात पाऊल टाकल्या टाकल्या मांडला, आणि तो काही केल्या जुळेना.

दुकानात प्रवासी बॅगा दोनशेच्या वर. कोऱ्या, कडक कवचाच्या, कित्येक तर अजून प्लास्टिकच्या वेष्टनातच. त्यातली कुठलीही उचलली असती, तर चोराचा महिना सुखात गेला असता. गल्ल्यालाही धक्का नव्हता. आणि गेली ती कोणती? पाच वर्षं वापरलेली, निळी, चोवीस इंची. भंगारवाल्यानंही नाक मुरडलं असतं.

"सोनाराच्या दुकानात शिरायचं आणि पायपुसणं चोरायचं, त्यातला प्रकार," भावोजी पुटपुटले.

"मग त्या पायपुसण्याला कुणाचे पाय लागलेत, ते बघायला हवं," वहिनी म्हणाल्या.

वहिनींनी बावीस वर्षं विमानतळावर मोडक्या सामानाच्या तक्रारी घेतल्या होत्या. फुटकी बॅग समोर आली, की मालक खोटं बोलतोय की सरकता पट्टा दोषी आहे, हे त्या बॅगेच्या कोपऱ्यांवरून सांगत. निवृत्तीनंतर त्यांनी खाजगी तपासाचं काम सुरू केलं. भावोजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. सरकारी कचेरीत बिलं पास करण्यात त्यांचा जन्म गेला होता. आता ते वहिनींच्या मागे वही घेऊन फिरत आणि बहुधा चुकीच्या माणसावर संशय घेत.

वहिनींना बोलावून घेणारे दुकानमालक घामाघूम झाले होते. "बाई, ती साधी बॅग नव्हती. ती साहेबांची बॅग!"

त्यांनी काचेजवळच्या माणसाएवढ्या पोस्टरकडे बोट दाखवलं. त्यावर एक गुबगुबीत गृहस्थ निळ्या बॅगेवर हात ठेवून हसत होते. खाली ठळक अक्षरं: *चारशे उड्डाणं. एक ओरखडा नाही.*

साहेब लिफ्ट-तपासनीस होते. दूरदूरच्या गावांतल्या लिफ्टा तपासायला सरकार त्यांना विमानानं पाठवी. पाच वर्षांनी त्यांनी बॅग या दुकानाला दिली. बदल्यात त्यांना दरसाल एक नवी बॅग फुकट मिळे. पोस्टरवर त्यांचा उपदेशही छापला होता. वहिनींनी तो मोठ्यानं वाचला.

"'सतत विमानानं फिरणाऱ्यांनी कवच पॉलिकार्बोनेटचं घ्यावं. चाकं स्क्रूनं बसवलेली असावीत, म्हणजे बदलता येतात. माझी दहा किलोची लोखंडी अवजारं केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, म्हणून माझी बॅग दर वेळी विमानाच्या पोटातच जाते. तीस इंची बॅग चुकूनही घेऊ नये. मोठी बॅग दिसली की माणूस ती भरतो आणि जादा वजनाचे पैसे मोजतो. मी ती आजवर घेतली नाही, पुढेही घेणार नाही.'"

"शहाणा माणूस आहे," भावोजी म्हणाले.

"सल्ला अगदी बरोबर आहे," वहिनी म्हणाल्या, पण त्यांचं तोंड कडू औषध प्यायल्यासारखं झालं होतं.

मालक सांगत होते, "सोमवारी बॅगेच्या कंपनीचा इंजिनियर येणार होता. चारशे उड्डाणांनंतर कवच किती झिजलं, चाकं किती झिजली, सगळं कापून यंत्राखाली बघणार होता. मग शहराची मुख्य एजन्सी मला मिळणार होती! गुरुवारी मी साहेबांनाही फोन करून ही बातमी दिली. 'वा' म्हणाले. आणि आज शनिवारी सकाळी बघतो, तर बॅग गायब. काल रात्री कुलूप कुणी लावलं? आमच्या कारागिरानं. चावी कुणाकडे? त्याच्याकडेच. त्या बॅगेवर डोळा कुणाचा? त्याचाच. संध्याकाळपर्यंत त्यानं कबूल केलं तर ठीक, नाहीतर पोलीस. आजचा दिवस बसवून ठेवलाय."

कारागीर दुकानाच्या मागच्या भागात स्टुलावर बसला होता. साठीचा माणूस. समोर बरण्यांत चाकं, मुठी, झिपांची टोकं. हाताला काम नाही म्हणून तो नुसताच अंगठा चोळत होता.

"काका, ती बॅग तुम्हाला खुपत होती म्हणे?"

"खुपत होती. दोनदा म्हणालो, काढा ती काचेतून. एकतीस वर्षं मी चाकं बदलतोय, बाई. त्या बॅगेचं चाक कधी माझ्याकडे आलं नाही."

भावोजींनी वहीत लिहिलं: *न मोडणारी बॅग म्हणजे कारागिराच्या पोटावर पाय. मत्सर.*

"शेवटचा हात तुम्ही कधी लावलात?" वहिनींनी विचारलं.

"गुरुवारी संध्याकाळी. मालक म्हणाले, चमकव. मी पुसली, चाकांत काळं वंगण भरलं. जरा जास्तच झालं ते."

"आतून कशी होती?"

"अस्तर आरशासारखं. अंगाला लावायच्या पावडरीचा वास येत होता." तो थांबला. "पोलिसांत दिलं ना बाई, तर जावयाच्या दारात मी कुठल्या तोंडानं जाऊ?"

काउंटरवर एक चष्मेवाल्या बाई होत्या. त्यांच्या जिभेला हाड नव्हतं.

"काल काच धुवायची होती ना, म्हणून दुपारी खिडकी रिकामी केली. सगळ्या बॅगा इथे काउंटरपाशी जमिनीवर. नव्या-जुन्या एकात एक! आज सकाळी परत मांडताना लक्षात आलं की निळी नाही."

"म्हणजे काल रात्री कुलूप लावताना ती होती की नव्हती, कुणी पाहिलं नाही?"

"नाही बाई. पण तो समोरच्या दुकानाचा माणूस सारखा डोकावत होता! मोबाइलवर फोटो काढत होता!"

भावोजींची पेन्सिल धावू लागली. वहिनींनी मात्र विचारलं, "काल विकल्या किती?"

"सात केबिनच्या, तीन मध्यम आणि एक तीस इंची. तीस इंची तर साहेबांनीच नेली, पोस्टरवाल्या! मी मागे गवसणी आणायला गेले, तोवर त्यांनी स्वतःच बॅग बंद करून कुलूपसुद्धा लावलं. एवढा मोठा माणूस, पण गर्व म्हणून नाही."

"समोरच्या दुकानात जायचं ना?" बाहेर पडताच भावोजींनी विचारलं.

"नाही. साहेबांकडे."

"त्यांची तर बॅग गेलीय बिचाऱ्यांची!"

"म्हणूनच तर. सांत्वनाला नको जायला?"

शनिवार असूनही साहेब कचेरीत होते. टेबलावर एक फाइल उघडी होती आणि साहेब तिच्यावर वाकून नखं कापत होते. कापलेली नखं कागदावर पडत होती. त्यांनी ती फुंकरीनं उडवली, तेव्हा एक तुकडा भावोजींच्या बाहीवर बसला.

फाइल कसली, ते साहेबांनी आपण होऊन सांगितलं. पेपरात सगळ्यांनीच वाचलं होतं. एका लांबच्या गावी रुग्णालयाची लिफ्ट कोसळली होती. एक परिचारिका आणि एका रुग्णाची आई, दोघी जागीच गेल्या. लिफ्टमन कोठडीत होता.

"चौकशी समितीला कागद द्यायचेत. अकराच दिवस आधी मी स्वतः जाऊन तपासून आलो होतो. लोखंडी दोर ठणठणीत! त्या लिफ्टमननं माणसं कोंबली, दुसरं काय? असल्या लोकांना अक्कल नसते." त्यांनी करंगळीच्या नखाकडे मोर्चा वळवला. "आणि बॅग म्हणाल, तर कारागिराचंच काम. गरिबाची नियत किती दिवस टिकणार?"

"खरंय," वहिनी म्हणाल्या. भावोजींनी चमकून पाहिलं. "बरं साहेब, काल तुम्ही नेलेल्या तीस इंचीच्या खेपेत झिपा सदोष निघाल्यात म्हणे. संध्याकाळी दुकानात आणलीत, तर झीप बदलून मिळेल. वर एक भारी कुलूप भेट."

साहेबांचा हात थांबला. "बदलायची कशाला? चालतेय."

"तुमची मर्जी. कुलपं मोजकीच आहेत."

साहेबांनी नखं कापायचं यंत्र मिटलं. "फुकट ना? आणतो."

रस्त्यावर आल्यावर भावोजी बाही झटकत राहिले. "वहिनी, या माणसाला भेटी कसल्या देताय? मला तर त्याच्याजवळ उभं राहवेना."

"फुकट म्हटल्यावर तो माणूस येणारच, भावोजी. आणि ती तीस इंची त्यानं आतून पाहिलेली नसणार. त्याला मुळात ती बॅग नकोच होती."

संध्याकाळी दुकानाचं दार अर्धं लावून घेतलं. मालक, काउंटरच्या बाई, स्टुलावरचा कारागीर, आणि नवी तीस इंची ओढत आलेले साहेब. "कुलूप कुठाय?" त्यांनी आल्या आल्या विचारलं.

वहिनींनी बॅग आडवी करून उघडली. आत करड्या अस्तरावर, खालच्या कडेला, चार काळे डाग होते. गोल, चिकट.

"कोरी बॅग आणि तिला आतून वंगण," वहिनी म्हणाल्या. "काका, तुमच्या निळ्या बॅगेसारखीच दुसरी चोवीस इंची आहे ना? आणा जरा."

कारागिरानं तशीच बॅग फडताळातून काढली आणि हळूच मोठीच्या आत ठेवली. चार चाकं बरोबर चार डागांवर बसली.

"अगं बाई!" काउंटरच्या बाई म्हणाल्या.

"रात्री चोरी झालीच नाही," वहिनी सांगू लागल्या. "रात्र मालकांच्या डोक्यात होती, कारण बॅग नाही हे सकाळी कळलं. पण खिडकी दुपारीच रिकामी झाली होती आणि बॅगा पायाशी पडल्या होत्या. या बाई गवसणी आणायला गेल्या तेवढ्यात निळी बॅग तीस इंचीच्या पोटात गेली. कुलूप लागलं. तिचे पैसे देऊन, पावती घेऊन चोर दारातून बाहेर पडला. तीस इंची जन्मात घेणार नाही असं छापून सांगणारा माणूस बॅग फुकट मिळत असताना पैसे मोजून तीस इंचीच का घेतो? कारण चोवीस इंची बॅग तिच्यातच मावते."

"पण स्वतःचीच जुनी बॅग?" मालक म्हणाले. "मागितली असती तरी..."

"मागता येत नव्हती. सोमवारी इंजिनियर ती कापणार, हे त्यांना गुरुवारी तुम्हीच कळवलंत. चारशे उड्डाणं, तीही विमानाच्या पोटातून, आणि एक ओरखडा नाही? मी बावीस वर्षं बॅगा पाहिल्या. उत्तमातली उत्तम बॅग फुटत नाही, पण खरचटते. कोपरे पांढरे पडतात. दहा किलो लोखंड वाहिलं, तर अस्तर फाटतं, तेलकट होतं. यांच्या अस्तराला पावडरीचा वास होता. आणि काकांनी तर पहिल्याच बोलण्यात सगळं सांगितलं: या बॅगेचं चाक कधी बदलायला आलं नाही. भावोजी, तुम्ही काय लिहिलंत?"

भावोजींनी वही मिटून खिशात घातली.

"मजबूत बॅग झिजते आणि तरी चालते. ही झिजलीच नव्हती, कारण ही बॅग कधी उडालीच नाही. हे इंजिनियरला पाच मिनिटांत कळलं असतं. मग कुणीतरी विमान कंपनीची यादी मागवली असती. बॅग गेली नाही, म्हणजे अवजारं गेली नाहीत. अवजारं गेली नाहीत, तर रुग्णालयाच्या लिफ्टचे दोर अकरा दिवसांपूर्वी तपासले कुणी?"

दुकानात नव्या प्लास्टिकचा वास कोंदला होता.

साहेबांनी रुमालानं मान पुसली. आणि चिडून म्हणाले, "सगळेच करतात! तिकीट काढायचं, रद्द करायचं, दोन दिवस लॉजवर आराम करायचा. जाऊन तरी काय वेगळं दिसणार होतं? दोर तो दोर!"

मग मालकांना कंठ फुटला.

"म्हणजे पोस्टर काढावं लागणार?"

वहिनींनी चौकशी समितीचा नंबर फिरवला.

कारागीर स्टुलावरून उठला. भावोजी त्याच्याजवळ गेले. "काका, तुम्हाला चाकांवरून कळलं होतं. बोलला का नाहीत?"

"गिऱ्हाइकाला खोटं पाडायचं नाही, ही इथली शिस्त. आणि मला वाटलं, साहेब घरी बसून भत्ता खातात. खाईनात का! त्यात मरतंय कोण?"

भावोजींना आपली कचेरी आठवली. तिकिटाची प्रत जोडलेली, सही केलेली, बिनचूक बिलं. किती पास केली, हे त्यांनी मोजायला घेतलं आणि सोडून दिलं. त्यांनाही तेव्हा असंच वाटलं होतं.

पुढे काय झालं, ते भावोजींनी वहीच्या शेवटच्या पानावर नीट लिहून ठेवलं. साहेब निलंबित झाले. चौकशी संपेपर्यंत अर्धा पगार घरपोच. निळी बॅग त्यांनी कचरापेटीत टाकली होती, तिथून ती समितीनं उचलून नेली. लिफ्टमन सुटला, पण गावात त्याला कुणी कामावर घेईना. ज्या लिफ्टवर साहेबांची सही होती, अशा एकशे चौदा लिफ्टा बंद ठेवल्या गेल्या आणि पेशंटांना जिन्यानं उचलून न्यावं लागलं. मालकांनी चौथ्या दिवशी नवं पोस्टर लावलं, या खेपेला एका वैमानिकाचं. त्या दोन बायकांच्या नावापुढे काय लिहावं, ते भावोजींना सुचलं नाही. ती ओळ कोरीच राहिली.

आणि महिनाअखेरीला कारागिराचा एक दिवसाचा पगार कापला गेला. त्या शनिवारी तो दिवसभर नुसता बसून होता, असं मालकांचं म्हणणं पडलं.